बाण काढू नकोस

वरळी कोळीवाड्यात गोल्फादेवीच्या देवळाकडून आत वळलं की गल्ली अरुंद होत जाते. समोरून डोक्यावर पाटी घेतलेली बाई आली, तर आपण कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढून तिला वाट द्यायची, असा तिथला रिवाज आहे. मी असाच एका उंबऱ्यावर चढलो आणि दीड तास उतरलो नाही. आत आत्या-भाच्याचं भांडण चाललं होतं, आणि ते ऐकण्यासारखं होतं.

भाचा जे. जे.च्या उपयोजित कलेत शिकलेला. एका संस्थेने त्याला कोळीवाड्यातली एक भिंत दिली आहे. सरकारच्या अन्नाच्या सगळ्या योजना मिळून कशा चालतात, ते लोकांना चित्रातून कळलं पाहिजे, एवढंच काम. आत्या तीसेक वर्षं अंगणवाडी सेविका होती, आता निवृत्त. दोघांची नावं देत नाही. घरातलं भांडण नावानिशी छापू नये.

लॅपटॉपवर चित्र होतं. मधोमध कोळी लुगड्यातली आई, बाप, आजी, दोन मुलं. भोवती गोल कप्पे: रेशन, अंगणवाडी, शाळेचा पोषण आहार, शिवभोजन थाळी, सणाचा शिधा, गरोदर बाईचे पैसे. कप्प्याकप्प्यांतून बाण. दिसायला देखणं होतं, हे कबूल करायला हवं.

आत्या: हे काय, सुदर्शन चक्र?

भाचा: चक्रच म्हण. सगळ्या योजना एकमेकींना जोडलेल्या आहेत, ते एका नजरेत दिसतं.

आत्या: जोडलेल्या कुठे हायत? रेशन अन्न पुरवठ्याचं. अंगणवाडी महिला-बालविकासची. खिचडी शिक्षणवाल्यांची. इतकी वर्षं मी अंगणवाडी चालवली, रेशनवाला माझ्या दारात एकदा आला नाय. मी त्याच्या दुकानात गेले ती माझं रेशन आणायला.

भाचा: खाती वेगळी असतील. कायदा एकच आहे.

इथे भाचा बरोबर होता. २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आपण 'रेशनचा कायदा' म्हणून ओळखतो, पण त्यात रेशनच्या धान्याबरोबरच गरोदर बाईला बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत अंगणवाडीतून आहार, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून आहार आणि पुढे आठवीपर्यंत शाळेत जेवण, हे सगळे हक्क आहेत. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव असावं, हेही त्यातच. म्हणजे चक्राच्या मधोमध आई काढणं ही नुसती चित्रकाराची भावुकता नव्हती.

आत्या: छप्पर एक असेल. दारं वेगळी, दारावरची माणसं वेगळी, मागायचे कागद वेगळे. आणि हा बाण बघ. रेशनमधून निघाला नि अंगणवाडीत शिरला. बाई काय वाचणार?

भाचा: की दोन्हींचा संबंध आहे.

आत्या: ती वाचणार, आधी रेशन कार्ड करा, मग अंगणवाडी. ज्या बाईकडे कार्ड नाय ती पोराला घेऊन येणारच नाय. अंगणवाडीला कार्डाचा रंग लागत नाय. ज्याचं मूल, त्याचं नाव. हे सांगता सांगता माझा जन्म गेला, आणि तू एका बाणात सगळं उलटं केलंस.

भाचा: बाण फक्त नातं दाखवतो.

आत्या: बाण रस्ता दाखवतो. स्टेशनात बाण दिसला की तू काय करतोस? तिकडे चालायला लागतोस.

यावर भाच्याने बाण पुसला. मात्र लगेच दुसरा बाण दाखवला, शाळेकडून घराकडे. मूल शाळेत जेवलं की घरचं धान्य वाचतं, असा त्याचा अर्थ. आत्याने कपाळाला हात लावला. पोर शाळेत जेवलं म्हणून घरच्या रेशनमधून त्याचे किलो कापतील का, ही शंका तिने पुन्हा पुन्हा ऐकलेली. कापत नाहीत. पण बाणाने ती शंका भिंतीवर कायमची रंगवली असती.

मग आत्याने खिडकीतून समुद्राकडे हात केला.

आत्या: तो पूल आठवतो? कोस्टल रोडचा? कागदावर दोन खांबांत साठ मीटरची वाट होती. इंजिनिअर म्हणे, होडी आरामात जाईल. चित्रात जातच होती.

कोळीवाड्यातल्या लोकांना हे वेगळं सांगावं लागत नाही. क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या बोटींना उधाणात, वाऱ्यात, आडव्या लाटेत साठ मीटर पुरत नाहीत, असं इथले मच्छीमार सांगत राहिले, आंदोलन करत राहिले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये मधला आठव्या क्रमांकाचा खांब गाळून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. मागणी त्याहूनही जास्त होती. आत्याचा मुद्दा एवढाच, की वाट किती रुंद आहे ते वाट काढून देणाऱ्याला नाही, वाटेने जाणाऱ्याला विचारावं. मला वाटतं, सरकारी योजनांच्या बहुतेक चित्रांतला दोष हाच आहे. ती देणाऱ्याच्या खुर्चीवरून काढलेली असतात. वर मंत्रालय, खाली संचालनालय, त्याखाली कार्यालय, आणि तळाशी, जागा उरली तर, 'लाभार्थी'.

भाचा आता रंगांवर आला. रंगावर त्याची भिस्त होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांना रंग कळतो, असं तो म्हणाला. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत निरक्षर मतदारासाठी चिन्हं आणली आणि ती चालली, हेही त्याने ऐकवलं. मग रेशनसाठी पिवळा-केशरी, अंगणवाडीसाठी हिरवा, शाळेसाठी निळा.

आत्या: पिवळं म्हणजे काय?

भाचा: पिवळं कार्ड. सर्वांत गरीब.

आत्या: ही दंडाची पट्टी बघ. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे पोर अतिकुपोषित. साडेअकरा ते साडेबारा पिवळं. त्याच्यावर हिरवं. इथे पिवळं म्हणजे मधलं, लक्ष ठेवा. एकाच बाईच्या एका हातात पिवळं कार्ड आणि पोराच्या दंडावर पिवळी पट्टी. तुझ्या भिंतीवरचं पिवळं त्यातलं कुठलं?

भाचा गप्प झाला. खरं तर पट्टी फक्त सुरुवात होती. आत्याचा खरा राग केशरीवर होता आणि तो सहा वर्षं जुना होता.

२०२० च्या मार्चअखेरीला कोळीवाडा पत्रे लावून बंद झाला. मुंबईत सुरुवातीलाच पूर्ण बंद झालेल्या वस्त्यांपैकी ही एक. माणसं घरात, बोटी बंदरात. एप्रिलमध्ये केंद्राने माणशी पाच किलो तांदूळ मोफत जाहीर केला, पण तो अन्न सुरक्षेच्या यादीतल्यांना. यादीबाहेरच्या केशरी कार्डवाल्यांना राज्याने मे आणि जूनसाठी माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी दिला. म्हणजे दुकानासमोरच्या एकाच रांगेत शेजारणी-शेजारणी उभ्या. दोघींच्या हातात केशरी कार्ड. एकीला फुकट, दुसरीला पैसे मोजून.

आत्या: भांडणं झाली रे. दुकानदार चोर, अधिकारी चोर, शेजारीण चोर. मी तोंडाला फडकं बांधून समजवत होते. बाय, कार्डाचा रंग नको बघूस, शिक्का बघ.

महाराष्ट्रात तिरंगी कार्डं १९९९ मध्ये आली. पिवळं, केशरी, शुभ्र. केशरी म्हणजे वर्षाला पंधरा हजार ते एक लाख उत्पन्न. २०१४ च्या १ फेब्रुवारीपासून राज्यात अन्न सुरक्षा कायदा लागू झाला, तेव्हा शहरात ५९ हजारांपर्यंतचे केशरीवाले 'प्राधान्य कुटुंब' म्हणून यादीत घ्यायचे ठरले. कार्ड तेच, वर शिक्का पडला. ५९ हजार ते लाखाच्या मधले केशरीच राहिले, पण बिनशिक्क्याचे. ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. वरळीत त्या पैशांत काय येतं, हे ज्याने त्याने मोजावं. भिंतीवर केशरी रंग देऊन चित्रकार जे 'सोपं' करू पाहतो, ते मुळातच सोपं नाही. रंगाने ते सोपं दिसेल, आणि खालच्या रांगेत पुन्हा भांडण होईल.

इथपर्यंत मी मनातून आत्याच्या बाजूला होतो. पण भाच्याने मग जे म्हटलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भाचा: आत्या, एक सांगू? राग धरू नकोस. हे सगळं तुला ठाऊक आहे म्हणून गल्लीला ठाऊक आहे. तू रिटायर झालीस. आता शिक्का बघ असं कोण सांगणार? ज्या बाईची तुझ्याशी ओळख तिला सगळं मिळालं. जी नवीन लग्न होऊन आली, जी भाड्याने आली, जी यूपीतून आली, तिला कोण सांगणार? तिला कुणाचे तरी पाय धरायला जावं लागतं. कधी फुकट सांगतात, कधी दोनशे रुपये घेऊन फॉर्म भरून देतात. भिंत पैसे मागत नाही. भिंतीला रात्री दहा वाजताही विचारता येतं, आणि भिंत कुणाची जात-पात बघत नाही.

आत्या: मी बघत होते?

भाचा: तू नाही. पण तू एकटीच होतीस.

बराच वेळ कुणी बोललं नाही. बाहेर वलांडीवर बोंबील वाळत होते, त्यांचा वास आत येत होता. आत्या उठली, डब्यातून मूठभर तांदूळ घेऊन आली आणि ताटात ओतले. मला वाटलं आता निवडायला बसणार. ती भाच्याला म्हणाली, "किती किलो मिळतात ते दाखव. आकड्याने नको."

भाचा खूश झाला, कारण हे त्याच्या अभ्यासातलं होतं. शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नात ऑटो नॉयराट नावाच्या माणसाने कामगारांना आकडे समजावेत म्हणून चित्रलिपी रचली. तिचा एक नियम सोन्यासारखा आहे. जास्त दाखवायचं तर चिन्ह मोठं करायचं नाही, तेच चिन्ह पुन्हा पुन्हा मांडायचं. मोठी गोणी आणि छोटी गोणी काढली तर किती पटीने मोठी ते डोळ्याला कळत नाही. पाच गोण्या आणि पस्तीस गोण्या काढल्या तर मोजता येतात.

भाच्याने ताटात दाणे मांडले. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो. एक माणूस, पाच दाणे. दोन माणसं, दहा. सर्वांत गरिबांच्या अंत्योदय कार्डाला घरटी पस्तीस, माणसं कितीही. खाली पस्तीस दाण्यांची ओळ. आणि दोघंही एकदम थबकली. अंत्योदय कार्डावरच्या एकट्या विधवेला पस्तीस, शेजारच्या प्राधान्य कार्डावरच्या एकट्या विधवेला पाच. सात माणसांच्या घराला दोन्हीकडे पस्तीस. आठ माणसांचं घर अंत्योदयात असेल तर उलट पाच किलोंनी मागे.

आत्या: हे मी इतकी वर्षं तोंडाने सांगितलं. असं कधी दिसलं नव्हतं.

तिथे चित्राचा पहिला खरा विजय झाला. नियमाचं परिपत्रक वाचून हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तिथे दोन्ही वाक्यं वेगवेगळ्या परिच्छेदांत असतात. मात्र असं चित्र कुठल्या कार्यालयाला आवडेल, याची मला शंका आहे.

मग चक्र मोडलं. ते कुणी मोडायचं ठरवलं नव्हतं. दाणे मांडता मांडता ओळ तयार झाली आणि ओळ चक्रापेक्षा बरी दिसली. भाच्याने एक लांब पट्टी काढली. डावीकडे गरोदर बाई, उजवीकडे म्हातारी. मधे वय. पट्टीखाली घराचं रेशन, एक अखंड जाड रेघ, जन्मापासून मरणापर्यंत, कार्डात नाव असेल तर. त्या रेघेवर वेगवेगळ्या लांबीचे तुकडे. पोटातल्या बाळापासून सहा महिन्यांपर्यंत आईचा आहार. सहा महिने ते तीन वर्षं घरी न्यायचं पाकीट. तीन ते सहा अंगणवाडीतलं गरम जेवण. पहिली ते आठवी शाळेतलं जेवण: पाचवीपर्यंत दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ, सहावीपासून दीडशे. बाण नाही. तुकडा कुठे सुरू, कुठे संपतो, एवढंच.

आत्या: नववीला काय?

भाचा: काही नाही.

आत्या: म्हणजे तिथे कोरं. पोर वाढायच्या वयात, आणि वर कोरं. कोरं ठेव. पण तुझे संस्थेवाले ठेवू देतील?

भाचा: ते म्हणतील, नकारात्मक वाटतं.

आत्या: कोरं आहे म्हणून कोरं. त्यात काय नकारात्मक?

वयाची पट्टी झाली, तसं आत्याला महिन्यांची पट्टी हवी झाली. कोळ्याचं पोट वयाने चालत नाही, समुद्राने चालतं, असं तिचं म्हणणं. भाच्याने बारा चौकोन काढले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, दोन चौकोन करडे. शाळेची सुट्टी मे महिन्यात आणि जूनच्या मध्यापर्यंत, त्यावर तिरप्या रेघा. करडं आणि रेघा एकमेकांवर आले ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. समुद्र बंद, शाळा बंद, म्हणजे घरात कमाई नाही आणि शाळेतलं जेवणही नाही. उरतं फक्त रेशन, तेही कार्डावर शिक्का असेल तर. नाहीतर घरातले सुके बोंबील आणि जवळा, ज्यांनी इथल्या कितीतरी पिढ्यांचा पावसाळा निभावला आहे.

बंदीच्या काळासाठी केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेत एक मदत आहे. गरीब पारंपरिक मच्छीमाराने दीड हजार भरायचे, सरकारने तीन हजार घालायचे आणि ते साडेचार हजार बंदीच्या वा मंदीच्या तीन महिन्यांत त्याला द्यायचे. तिच्या नावात 'उपजीविका आणि पोषण' हे शब्द आहेत. तरी भाच्याच्या मूळ चक्रात ती नव्हती, कारण ती मत्स्य खात्याची आणि संस्थेने दिलेली यादी अन्नवाल्यांची. कोळीवाड्याच्या भिंतीवर नेमकी कोळ्यांसाठीची योजना गाळली गेली होती. आत्याच्या नजरेतून ती आता सुटली नाही.

आता भांडण कसल्या रंगाने लिहायचं यावर आलं. आत्याला भिंतीवर आकडे नकोच होते. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत सुरू झाली, दोन महिन्यांत टाळेबंदी लागली तशी पाचवर आली, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये काही काळ फुकट झाली. रेशनचा तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो होता, तो २०२३ च्या जानेवारीपासून मोफत. शंभर रुपयांचा आनंदाचा शिधा २०२२ च्या दिवाळीला आला, नंतर कधी आला, कधी नाही. रंगारी परत जायच्या आत भिंत खोटी पडते, असं ती म्हणाली. आणि खोटी भिंत मुक्या भिंतीपेक्षा वाईट, कारण तिच्यावर विश्वास ठेवून बाई अर्धा दिवस फुकट घालवते.

भाच्याने तोड काढली. वयाची पट्टी ऑइल पेंटने, कारण ती सहसा बदलत नाही. भाव, तारखा, धान्य आलं की नाही, हे काळ्या फळ्यावर खडूने. खडू दोरीला बांधलेला. बंदरात धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागतो तेव्हा कुणी समुद्राचं चित्र बदलत नाही, बावटा तेवढा वर चढतो. ही उपमा भाच्याची, आणि ती ऐकून आत्या पहिल्यांदा हसली.

आत्या: आणि खडू कोण धरणार?

भाचा: तू.

आत्या: म्हणजे शेवटी मीच.

मला यात कोण जिंकलं ते ठरवता येत नाही. भाच्याने चक्र सोडलं, बाण सोडले, रंग सोडले. आत्याने तोंडाने सांगायची मक्तेदारी सोडली. या शहरात अन्नाचं सर्वांत ताकदवान चित्र कुठल्या कलाशाळेत निघालं नव्हतं. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा ते त्यांच्या हातात लाटण्याच्या रूपात होतं. ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पण लाटणं 'आम्हाला हवं' एवढंच सांगतं. कुठल्या खिडकीत, कोणता कागद घेऊन, कितव्या वर्षापर्यंत, हे सांगायला भाच्याची पट्टी लागतेच. आणि पट्टीवरचं कोरं कोरंच ठेवायला आत्यासारखं कुणीतरी मागे उभं लागतं.

मी निघालो तेव्हा भिंत चुन्याने पांढरी करून तयार होती. पट्टीचा पहिला चौकोन पेन्सिलने आखला होता, नववीच्या जागेवरून संस्थेशी बोलणं व्हायचं होतं.

तोवर एक काम तुम्ही करू शकता. तुमच्या घरी, किंवा तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या घरी केशरी कार्ड असेल, तर ते काढून त्यावर 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का आहे का ते बघा. शिक्का आहे आणि धान्य मिळत नाही, तर १९६७ वर फोन करा. फोन करताना कार्डाचा बारा अंकी आरसी नंबर हाताशी ठेवा. रंग कोणी विचारणार नाही.